निळा पडलेला दात

सामान्य काळातील तेविसावा रविवार
यहेज्केल ३३:७-९, रोमकरांस १३:८-१०, मत्तय १८:१५-२०



१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कितीतरी वाड्यांत झाडे आडवी झाली होती. ती कापायला चेनसॉ मशिनी दिवसभर घरघरत होत्या. अशा मशिनची चेन एकदा मातीला किंवा खिळ्याला लागली की बोथट होते. धारदार चेन लाकडाच्या जाड चिपट्या उडवते. बोथट चेन पिठासारखा भुसा काढते, मग माणूस नुसता जोर लावत बसतो. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायातही (१०:१०) बोथट लोखंडाबद्दल हेच सांगितले आहे.

या चेनला टेबलावर बसवलेल्या ग्राइंडरवर धार लावतात. ते काम मी जवळून पाहिले. एकेक दात पकडीत धरायचा, कोन बहुधा ३० अंशांचा ठेवायचा, आणि फिरता दगड दाताला क्षणभर टेकवून लगेच उचलायचा. पुन्हा टेकवायचा, पुन्हा उचलायचा. दगड दाबून धरला तर ठिणग्या झकास उडतात (बघणाऱ्याला वाटते, काय जोरात काम चालले आहे!), पण दाताची कड निळी पडते. पोलादाचे पाणी बिघडते. मग धार टिकत नाही, किंवा कड इतकी टणक होते की पुढच्या वेळी तिला कानसही लागत नाही.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात गाठा. ऐकले नाही तर एकदोघांना घेऊन जा. ख्रिस्तमंडळीची पाळी त्यानंतर. यहेज्केलला देवाने पहारेकरी नेमले, म्हणजे गप्प बसायचीही मुभा नाही. दगड टेकवायलाच हवा. पण आपण पहिली पायरी गाळतो. मुलाचे गुण पाहुण्यांसमोर काढतो, सुनेची चूक ओटीवर सांगतो.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. चेनमधला सर्वांत झिजलेला दात आधी शोधतात आणि बाकीचे दात घासून त्याच्या लांबीचे करतात. डाव्या-उजव्या बाजूचे दात असमान राहिले तर कापताना मशीन एका बाजूला ओढते. धडधाकट दातांनी झिजलेल्या दातासाठी आपले थोडे गमवायचे! आपल्या घरात मात्र हुशार मुलाचे माप लावून दुसऱ्याला घासले जाते.

हे लिहिताना मला माझेच आठवते. गेल्या वर्षी सणाच्या मिस्साला उशिरा आलेल्या तरुणांना मी वेदीवरून नावे घेऊन बोललो. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा हजर होते. काही जणांनी नंतर माझे कौतुकही केले, 'फादर, बरे सुनावलेत!' उशिरा येणे चूकच होते. पण मी दगड दाबून धरला, आणि तोही सगळ्यांसमोर. त्यांतले दोघे तेव्हापासून आपल्या चर्चमध्ये दिसले नाहीत. त्यांच्या आया दर रविवारी दिसतात, माझ्याशी नीट बोलतात, आणि मला तेच जास्त लागते.

येत्या गुरुवारी संध्याकाळी मी त्या दोघांच्या घरी जाणार आहे. एकटाच. तोवर त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा.

तुमचा प्रमुख धर्मगुरू