मशीन काढलं तर पाप कुणाला?

आयसीयूच्या दाराबाहेर मला औषधांपेक्षा धर्माचेच प्रश्न जास्त येतात. “डॉक्टर, मशीन काढलं तर पाप आम्हाला लागेल का?” विचारणारा बहुधा थोरला मुलगा असतो, बाकीचे खाली मान घालून उभे.

न्यूमोनियानं किंवा सेप्सिसनं फुप्फुसातले वायुकोश पाण्यानं भरले की व्हेंटिलेटर लावतो. तो फुप्फुस बरं करत नाही, ते सावरेपर्यंत श्वास सांभाळतो. तोही जपूनच. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, उंचीवरून काढलेल्या दर किलो वजनामागे 12 मिलिलिटर हवा दिलेले सुमारे 40 टक्के रुग्ण दगावले, 6 मिलिलिटरवाले 31 टक्के. जास्त हवा कोंबली की फुप्फुसच फाटतं.

त्यातही भागलं नाही तर रुग्णाला सोळा तास पालथं झोपवतो. वळवताना डोक्याशी उभी असलेली सिस्टर नळी दोन्ही हातांनी घट्ट धरते. तिनं ‘एक, दोन, तीन’ म्हटल्याशिवाय कुणी बोटही हलवत नाही. माझ्या लेखी ही पूजाच आहे. अशा पूजेतून उठून कितीतरी माणसं पायी घरी गेली आहेत, म्हणून ‘व्हेंटिलेटर म्हणजे शेवट’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण काहींची फुप्फुसं परत येत नाहीत. मागोमाग मूत्रपिंड, यकृत बंद पडतात. छांदोग्य उपनिषदात वाणी, डोळे, कान, मन आळीपाळीनं वर्षभर बाहेर राहून येतात, तरी देह तगतो. प्राण निघू लागताच मात्र सगळ्यांचीच मुळं उखडतात. आमच्याकडे उलट घडतं. छाती वरखाली होत राहते आणि परत यायला कुणीच उरलेलं नसतं. त्या हवेला मी प्राण म्हणू शकत नाही. ती थांबवण्यात पाप आहे असं मला वाटत नाही. पोप पायस बारावे यांनीही 1957 साली भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं, की असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन कुणावर नाही.

पाप मला दुसरीकडे दिसतं. बरा होऊ शकणारा माणूस केवळ पैसे संपले म्हणून घरी नेला जातो, तेव्हा. ते त्या मुलाच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही; ते आपल्या सगळ्यांचं आहे.

परत येण्याची आशा नसताना मशीन नको, असं आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरेत. हातीपायी धड आहात तोवर ते लिहा, आणि मुलांना समोर बसवून वाचून दाखवा.