आजाऱ्यापाशी गाणे

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३, नीतिसूत्रे २५:२०



हुबळीकडून बंगळूरला जाणाऱ्या कित्येक गाड्या शहरात शिरताना यशवंतपूरला थांबतात. त्या स्थानकाजवळच राहणाऱ्या एका बंधूंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. आम्ही चौघे भेटीस गेलो. बरोबर पेटी होती, डफ होता. तासभर भजने म्हटली. बंधूंनी डोळे मिटून तोंड भिंतीकडे वळविले होते. ते प्रार्थनेत तल्लीन झाले आहेत, असे आम्ही समजलो. निघताना त्यांच्या पत्नीने दाराशी हळूच म्हटले, "त्यांचं डोकं फार दुखतं हो."

परतीच्या प्रवासात नीतिसूत्रांतील ते वचन मला टोचू लागले. खिन्न मनुष्यापुढे गाणाऱ्याला ज्ञानी पुरुष थंडीत अंगावरचे वस्त्र काढून घेणाऱ्याच्या पंक्तीस बसवितो!

शौलाच्या सेवकांची रीत मात्र निराळी होती. त्यांनी कोणाही हौशी गायकाला आणले नाही. वीणा वाजविण्यात निपुण असा मनुष्य शोधावा, असे त्यांनी सुचविले आणि आधी राजाची अनुमती घेतली. दावीद वाजवी आणि राजाला आराम पडे. आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु पुढे अठराव्या अध्यायात वीणा वाजत असताच राजाने भाला फेकला, एकोणिसाव्यात पुन्हा फेकला. आराम पडणे निराळे, बरे होणे निराळे, हे शास्त्र लपवीत नाही.

आज संगीतोपचार हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे. अमेरिकेत १९४४ साली मिशिगन येथे त्याचा पदवी अभ्यासक्रम निघाला आणि दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेतून त्याला बळ मिळाले. खुद्द बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत संगीत व मेंदू यांच्या नात्याचे संशोधन झाले आहे. उपचारक प्रथम स्वतः ऐकतो : रोग्याला काय आवडते, किती आवाज सोसतो, आणि साधावयाचे काय आहे? (अमुक राग ऐका, तमुक रोग जाईल, असे सांगून गोळ्या बंद करावयास लावणाऱ्यापासून चार हात दूरच राहावे.)

पक्षाघाताने बोलणे गेलेल्या कित्येकांना गाता येते. भाषेचे काम बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूस चालते. सुरांचे पुष्कळसे उजव्या बाजूस. हे ओळखून १९७३ च्या सुमारास बॉस्टनमध्ये एक पद्धत बसविण्यात आली. नित्याचा शब्द दोन सुरांवर संथपणे गुणगुणावयाचा, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि पुढे सूर हळूहळू काढून घ्यावयाचा. सर्वांना गुण येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांनाही दीर्घकाळ सराव करावा लागतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही पेटी नेली नाही. उपचारक बाई बंधूंचा डावा तळहात त्यांच्याच मांडीवर हलकेच थोपटीत होत्या आणि गुणगुणत होत्या. आम्ही कोपऱ्यात मुकाट्याने बसलो. बऱ्याच वेळाने बंधूंचे ओठ हलले. "पा... णी."

पत्नी चटकन उठल्या आणि तांब्या घेऊन आल्या.