माया: नक्की कोणती तरायची?

आज गीता ७.१४. भगवान म्हणतात, माझी माया तरून जायला कठीण. इथे माया म्हणजे भुलवणारी शक्ती. हिब्रूत माया हे मुलीचं नाव, ते ‘मायिम’ म्हणजे पाण्याशी जोडतात. मेक्सिकोतले माया लोक आणखी वेगळे. उच्चार तेवढा सारखा, नातं शून्य.

खरा घोळ मराठीत. शब्द संस्कृतातलाच, पण अर्थ आईचा जीव! शिवणीत जादा सोडलेलं कापडही मायाच, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून.

मागे ‘वैराग्य’ म्हणत मी आईचे फोन टाळायचो. खरं तर तो कंटाळा होता. महिन्याने फोन केला. तिने जाब विचारलाच नाही, म्हणाली, “जेवलास का?”