अक्रोडाचा दस्ता

भिंगारच्या माणसाला बंदुकीच्या आवाजाचं नवल नाही. गावाच्या एका अंगाला ज्वारीची रानं, दुसऱ्या अंगाला लष्कराचा कॅम्प. १९४८ साली रणगाडा दलाचं केंद्र नगरला आलं, तेव्हापासून खारे कर्जुन्याच्या रेंजवर गोळे पडत आलेत आणि आमच्या भिंतीवरची भांडी थरथरत आलीत. त्याच्याही आधी, १७०७ साली, औरंगजेबानं जीव सोडला तो इथंच. आलमगीरला ती जागा आहे. आम्ही पोरं तिकडं चिंचा पाडायला जायचो. पातशहाचं आम्हाला काही वाटत नसे, चिंचांचं वाटे.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. औतं, तिफणी, चौकटी, बैलगाडीची साटी, असं काम. पण कॅम्प जवळ असल्यामुळं साहेब लोकांची खुर्च्या-टेबलंही यायची, आणि त्यातूनच एक भलतं काम त्यांच्याकडं आलं: बंदुकीचे दस्ते. नगरात बंदूक दुरुस्तीचं लायसन असलेले एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. लोखंडाचं काम त्यांचं, लाकडाचं दादांचं. बंदूक घरी आणायची मुभा नव्हती. म्हणून लाकूड घरी तासायचं आणि संध्याकाळी सायकलला बांधून दुकानात बसवून बघायला न्यायचं. मागं कॅरियरवर मी.

१९६९ च्या सुरुवातीची गोष्ट. पासष्टच्या लढाईत रणगाडा चालवलेले एक मेजरसाहेब होते. सातारकडचे, मराठीच. त्यांच्याकडं ईशापूरच्या कारखान्यात झालेली ३१५ बोअरची रायफल होती. लष्करातली ३०३ खाजगी माणसाला ठेवता येत नाही. तिच्याच धाटणीची ही, पण बोअर वेगळं. साहेबांना ती नव्यानं घडवून हवी होती. काश्मीरला बदली असताना त्यांनी अक्रोडाची जाड फळी आणली होती. चार वर्षं माळ्यावर वाळवलेली. ती दादांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, चांदमारीला चालली पाहिजे, आणि शिकारीलाही. एकच रायफल, दोन्ही कामं."

दादा फळीवर बोट वाजवत राहिले. मग म्हणाले, "सायेब, बैल एकच आसला तरी औताचं जू येगळं आन् गाडीचं येगळं."

साहेब हसले. पण काम ठरलं. साठ रुपये, तीस आगाऊ.

आता ही दोन कामं एकमेकांच्या आड कशी येतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. चांदमारीला पोटावर पडून कागदावर गोळ्या मारायच्या. तिथं रायफल जड असेल तितकी बरी. जड वस्तू हलत नाही. शिकारीला तीच रायफल खांद्यावर टाकून दहा मैल चालायचं असतं. पडून नेम धरताना मान पुढं येते, उभ्यानं धरताना मागं राहते. म्हणजे गाल टेकायची जागाच बदलते. मागच्या नेमाचं भोक बारीक असेल तर कागदावर सोन्यासारखं, पण दिवेलागणीला झुडपात त्यातून काही म्हणता काही दिसत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तोड निघाली. भोकासाठी चाचांनी दोन चकत्या केल्या, एक बारीक, एक मोठी. गालासाठी चामड्याची गादी केली, वादीनं बांधायची, नको तेव्हा सोडायची. वजनाचं दादांनी मधलं काढलं.

लाकूड बसवायची रीत मी जन्मात विसरणार नाही. कंदिलाच्या काचेवरची काजळी गोडेतेलात कालवून लोखंडाला चोपडायची. लोखंड लाकडातल्या खाचेत दाबून बसवायचं आणि उचलायचं. जिथं काळा डाग पडला तिथं टेकतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा उचल. शंभर वेळा, दोनशे वेळा. नळी नको तिथं लाकडाला टेकली तर तापल्यावर गोळी दर खेपेला वेगळीकडं जाते. आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून जवसाचं तेल तळहातानं जिरवायचं, रोज थोडं थोडं, पंधरा-वीस दिवस. आमच्या घराला त्या महिन्यात जवसाचा वास होता. आई म्हणायची, "देवाच्या समईला तेल नाही आन् बंदुकीला घाना लावलाय." दादा काही बोलत नसत. ते काम करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी तिफण करताना कधी पाहिलं नव्हतं. आज मला ते कबूल केलं पाहिजे: तो आनंद होता.

एका गोष्टीवर मात्र तोड निघाली नाही. चाप.

रिकामी रायफल उभी धरून चापाला वजनं टांगायची. किती वजनाला सुटतो ते बघायचं. चाचांचं म्हणणं सहा पौंडांच्या खाली जायचं नाही. साहेबांना हवा होता साडेतीन. कागदावर मारताना श्वास रोखलेला असतो, बोट दाबतंय हेही कळू नये इतका चाप हलका लागतो. जड चाप ओढताना नेम ढळतो. चाचा म्हणाले, "साब, चांदमारीको ठीक है. जंगलमें थंडी रहती, उंगली सुन्न रहती." साहेब म्हणाले, बोट माझं आहे. चाप साडेतीनवर आला.

कॅम्पातल्या रेंजवर शंभर यार्डांवर पाच गोळ्या. जुन्या दस्त्यानं त्या पंजाभर पसरायच्या, आता चहाच्या कपाच्या तोंडात मावल्या. साहेबांनी तो कागद सही करून दादांना दिला. दादांनी तो विठोबाच्या तसबिरीमागं खोचला.

मग माघात साहेब म्हणाले, मिस्त्री, चला, तुमचं काम बघायला. तेव्हा १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत. साहेबांकडं तो होता. सगळं कागदोपत्री चोख. जीपमधून आम्ही सोलापूर रस्त्यानं मिरजगावच्या बाजूला गेलो. माळावर पहाटेचा गारठा, कुसळी गवत वाळलेलं. काळविटांचा कळप होता, वीसेक तरी. नर काळाभोर, शिंगांना पीळ. मी इतकं देखणं जनावर तोवर पाहिलं नव्हतं. साहेब बांधाआड बसले. दीडशे यार्ड असेल. नर चालत होता, साहेब तो थांबायची वाट बघत होते. थांबला. आणि गोळी सुटली तेव्हा त्यानं एक पाऊल टाकलं होतं.

एकच पाऊल. गोळी खांद्यामागं बसायची ती पोटात बसली. तो पडला नाही. पळाला.

आम्ही रक्ताच्या मागावर दिवसभर होतो. गवतावर थेंब होते, मग मुरमाड लागलं आणि थेंब दिसेनासे झाले. अंधार पडेपर्यंत साहेब शोधत होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. जीपपाशी आल्यावर म्हणाले, "मी दाबला नाही. सुटला." थोडं थांबून म्हणाले, "नाही. मीच दाबला."

दुसऱ्या दिवशी दादा एकटेच एस.टी.नं परत तिकडं गेले. रात्री उशिरा आले, जेवले नाहीत. काय झालं ते मला फार नंतर कळलं. एका धनगरानं ओढ्याकडं हात केला होता. तिथं गिधाडं बसली होती.

साहेबांनी उरलेले तीस रुपये पाठवले ते दादांनी परत केले. पुन्हा दस्ता केला नाही. तसबिरीमागचा कागद कधी गेला कळलं नाही.

आता मी सत्तरीला आलोय, आणि हा हिशेब मला अजून जमलेला नाही. दादांची चूक काय? लाकूड त्यांनी चोख केलं. उलट इतकं चोख केलं की रायफल सांगितल्याबरहुकूम वागली. लहानपणी कीर्तनात धर्मव्याधाची गोष्ट ऐकली होती, वनपर्वातली. तो मिथिलेत मांस विकायचा, पण म्हणायचा, मी मारत नाही, दुसऱ्यानं मारलेलं विकतो. त्याच्या ज्ञानाबद्दल शंका नाही, पण हे उत्तर मला कधी पटलं नाही. आणि दादांनाही पटलं नसतं, नाहीतर एस.टी.चं तिकीट काढून ते गेलेच नसते.

दुसरी गोष्ट अर्जुनाची. झाडावरचा पक्षी, त्याचं फक्त मस्तक दिसतंय, वगैरे. शाळेत सगळ्यांना शिकवतात. पण तो पक्षी खरा नव्हता. द्रोणांनी कारागिरांकडून करवून घेतलेला होता. त्या कारागिराचं नाव कुणी विचारत नाही. मला त्याच्याबद्दल फार कुतूहल आहे. त्यानं खोटा पक्षी केला म्हणून एक खरा पक्षी वाचला, असं म्हणायचं? की त्या खोट्या पक्ष्यावर हात तयार झाले म्हणून पुढं अठरा दिवसांत जे झालं ते झालं? तो दशरथ तर नुसत्या आवाजावर बाण मारायचा. केवढी विद्या! श्रावणबाळाच्या घड्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला.

शिकारी मंडळी म्हणतात, कागदावर सराव केला नाही तर जनावराचे हाल होतात; म्हणून चांदमारी हे शिकाऱ्याचं कर्तव्यच. यात खोटं काही नाही. आमचे साहेब सराव केलेलेच होते. पण कागद जागचा हलत नाही, आणि कागदाच्या सवयीचं बोट माळावर गेलं. एक वस्तू दोन कामांना करायची म्हटल्यावर कुठंतरी थोडं थोडं सोडावं लागतं, ते प्रत्येक सुतार जाणतो. दार थोडं घासतं, तिफण थोडी जड होते. गिऱ्हाईक कुरकुरतं आणि वापरतं. इथं जे सोडलं ते त्या नराच्या वाट्याला गेलं, आणि तो गिऱ्हाईक नव्हता. साडेतीन की सहा, हे ठरवताना दुकानात आम्ही चौघे होतो.

१९७२ ला कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, शिकार संपली. १९८० साली रेहेकुरीला अभयारण्य झालं. मला बरं वाटलं, आणि मग माझ्याच रानात हरणं यायला लागली. जावयाकडची चार एकर मी बघतो, कर्जत तालुक्यात. ज्वारी वीतभर झाली की कळप रात्री येतो, सकाळी वाफे सपाट. शेजारचा म्हणतो, "काका, तुमच्या वडलानं बंदुका केल्या, तुम्ही डबा वाजवताय." मी डबा वाजवतो. चिडतोही. एका वर्षी अर्धं पीक गेलं तेव्हा बांधावर उभा राहून मी त्या जनावरांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दया पोटभर जेवलेल्याला सोपी असते, हे मला रानानं दाखवलंय. पण गोळीचा विचार मनात आला की ते एक पाऊल दिसतं.

माझी नात पुण्याला एअर रायफल मारते. दहा मीटरवर, आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. २०२४ ला पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेनं पन्नास मीटरमध्ये कांस्य घेतलं तेव्हा ती रडली. तिनं मला सांगितलं की त्या प्रकारात रायफल आठ किलोपर्यंत चालते. दस्त्याचा प्रत्येक भाग स्क्रूनं मागं-पुढं होतो. ती घेऊन कुणी माळावर जाणार नाही, ससासुद्धा मारता यायचा नाही. साहेबांची दोन कामं अशी शेवटी वेगळी झाली. नातीला मी काळविटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आबा, पण चाप हलका ठेवलाच कसा?" तिला एवढंच दिसलं, आणि कदाचित तेच खरं असेल.

चार वर्षांपूर्वी कामासाठी नगरात गेलो होतो. चाचांचं दुकान नातू चालवतो. मेजरसाहेब गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी रायफल तिथं जमा केली होती, तशीच पडून होती. नातवानं ती उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि माझ्या हातात दिली. दस्ता मी लगेच ओळखला. चामड्याची गादी नव्हती. चाप ओढला तर ओढवेना. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कुठं टक् झालं.

नातवानं चाचांची जुनी वही काढली. मोडी-उर्दू मिसळलेला हात, पण आकडे वाचता आले. १९६९, मार्च. साडेतीनचे सहा. साहेबांनी त्यानंतर शिकार केली की चांदमारी सोडली, वहीत काय असणार. पुढं मजुरीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

लाकूड कोरडं पडून पांढरट झालं होतं. मी नातवाला जवसाचं तेल मागितलं. त्याच्याकडं नव्हतं. बाजारात जाऊन पाव किलो आणलं, आणि पाचची गाडी चुकेपर्यंत तिथंच बसून तळहातानं जिरवत राहिलो.