तीस अक्षरांचं नाव

चि. मुग्धा,


तुमच्या प्रोजेक्टमध्ये एसएपीच्या रोलना नावं कशी द्यायची, याची तू केलेली फाइल वाचली. कोष्टक नेटकं आहे. पण त्यातला पहिलाच रकाना मला खटकला, आणि का खटकला ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

सुरुवात झेडने केलीस ते बरोबर. एसएपी_ ने सुरू होणारे रोल सॉफ्टवेअरसोबत येतात आणि अपग्रेडच्या वेळी त्यांच्यावर नवी आवृत्ती येऊन बसते. आपण त्यात केलेले बदल पुसले जातात. म्हणून त्यांची कॉपी काढायची आणि ती झेड किंवा वायच्या हद्दीत ठेवायची. हे तुला ट्रेनिंगमध्येच सांगितलं असेल. रोलच्या नावाला एकूण ३० जागा, अंडरस्कोर धरून. त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा जागा तू प्रोजेक्टचं नाव आणि साल यांना देऊन टाकल्यास. अगं, प्रोजेक्ट दीड-दोन वर्षांत गुंडाळला जाईल, पार्टी होईल, सगळे पांगतील. रोल मात्र तिथेच राहणार, आणि पुढे सपोर्टला बसलेल्या पोराला त्या प्रोजेक्टच्या नावाचा काडीचा उपयोग नाही.

तुझ्या वरिष्ठांचं म्हणणं दिसतंय की नावं काहीही द्या, सगळीकडे सारखी असली की झालं. एसएपीत एवढ्यावर भागत नाही. सिक्युरिटी टीमच्या माणसांनासुद्धा अधिकार लागतात ना? कोणता रोल कोणी बदलायचा, कोणी युजरला जोडायचा, हे एस_यूजर_एजीआर या ऑथरायझेशन ऑब्जेक्टने ठरतं. त्यात दोन फील्ड असतात, एक रोलचं नाव आणि दुसरं ॲक्टिव्हिटी. नावाच्या फील्डमध्ये 'झेड_एफआय*' एवढंच भरलं तर त्या ॲडमिनला फायनान्सचे रोल हाताळता येतात. पगाराच्या रोलला तो हात लावू शकत नाही. आणि इथे स्टार चालतो तो शेवटीच. 'मॉड्यूल कोणतंही असो, प्लांट मात्र पुण्याचा' असं मध्ये स्टार टाकून सांगता येत नाही. म्हणजे ज्या निकषावर तुम्ही ॲडमिनच्या कामाची वाटणी करणार, तो निकष नावात डावीकडेच बसायला हवा. तुझ्या कोष्टकात सगळे रोल त्याच प्रोजेक्टच्या नावाने सुरू होतात आणि मॉड्यूल एकदम शेवटी येतं. उद्या एचआरची मॅनेजर म्हणाली, 'पगाराच्या रोलला बाहेरच्या कोणी हात लावायचा नाही', तर काय करशील? एकेक रोलचं नाव हाताने भरत बसशील, आणि नवा रोल आला की पुन्हा.

तेव्हा आधी विचार, की पुढे हे सांभाळणार कोण? प्रत्येक देशाचा स्वतःचा ॲडमिन असेल तर देश पुढे घ्यावा लागेल. हिंजवडीत बसलेली एकच टीम सगळ्या देशांचं बघणार असेल, तर मॉड्यूल पुढे घे. मला मॉड्यूल पुढे असलेलं आवडतं, आणि त्याला आणखी एक कारण आहे: डिराइव्ह्ड रोल. त्यांचे टी-कोड आणि बाकीच्या व्हॅल्यू मास्टर रोलकडून येतात. बदलतं ते फक्त कंपनी कोड, प्लांट असलं काहीतरी, आणि ही दोन्ही चार-चार अक्षरांची असतात. ती चार अक्षरं नावाच्या शेवटी ठेवलीस, मास्टरला तिथे चार शून्यं दिलीस, की पीएफसीजीच्या (जिथे रोल बनवतात त्या ट्रान्झॅक्शनच्या) यादीत मास्टर वर आणि त्याची सगळी पोरं ओळीने खाली येतात. देश पुढे घेतलास तर तीच भावंडं यादीभर विखुरतात. झेड_एफआय_एपी_पोस्ट_१००० हे नाव रोमनमध्ये मोजून बघ. १७ जागा. अजून १३ उरतात. काँपोझिट रोल वेगळा कळावा म्हणून झेडनंतर सी घालायचा की नाही, यावर वाद घालू नका. काहीतरी एक ठरवा आणि पुढे चला.

आता मधला भाग. तिथे तू हुद्दे लिहिले आहेस: 'सीनिअर अकाउंटंट', 'प्लांट हेड', 'असिस्टंट मॅनेजर'. हुद्द्याचं नाव देण्यात पाप नाही. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये वरचा थर असाच आहे, 'अकाउंट्स पेएबल क्लार्क' वगैरे. पण त्याच्या खाली ड्यूटी आणि प्रिव्हिलेज असे थर आहेत, आणि त्यांची नावं क्रियापदाने सुरू होतात: व्हेंडरची बिलं सांभाळणं, व्हेंडरची बिलं बघणं. ओरॅकल फ्यूजनने तर रोल कोडच्या शेपटीलाच जॉब, ड्यूटी किंवा ॲबस्ट्रॅक्ट लावून टाकलं आहे. एसएपीचे स्वतःचे एसएपी_बीआर_ ने सुरू होणारे बिझनेस रोलही हुद्देवारच आहेत. हुद्दा वरच्या थराला शोभतो. एसएपीत तो काँपोझिटला दे. काँपोझिटमध्ये स्वतःचे अधिकार नसतातच, ती नुसती सिंगल रोलची मोट असते. सिंगल रोलला कामाचं नाव दे. हुद्दे एचआरच्या एका सर्क्युलरने बदलतात. व्हेंडरचं बिल नोंदवणं म्हणजे एफबी६०, ते बदलत नाही.

१९९२ साली डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या दोघांनी रोलवर आधारलेल्या अधिकारांची मांडणी प्रसिद्ध केली. अधिकार माणसाला चिकटवायचा नाही, रोलला द्यायचा, आणि माणूस रोलमध्ये येईल-जाईल, हा तिचा गाभा. आजही मी एखाद्या सिस्टीमची यादी उघडली की त्यात हटकून कोणा साहेबांच्या आडनावाचा रोल सापडतो. साहेब निवृत्त होतात, आणि रोल पुढच्या तिघांना जसाच्या तसा दिलेला असतो. तसाच दुसरा मासला 'टेंप'. तात्पुरतेपणा नावात लिहून काही होत नाही. पीएफसीजीत युजर जोडताना 'पासून-पर्यंत' तारखा देता येतात, तिथे तो लिहायचा. आणि ज्या रोलचं काम सांगताना मध्ये 'आणि' घालावा लागतो, तिथे जरा थांब. 'व्हेंडर तयार करणे आणि पेमेंट रन' असा रोल असेल, तर ऑडिटर पहिलं बोट त्याच्यावरच ठेवणार, आणि त्याचं चुकणार नाही. एकाच हाताने खोटा व्हेंडर उघडायचा आणि त्याच हाताने एफ११० चालवून त्याला पैसे पाठवायचे, याची सोयच झाली ती.

सगळ्यात वाईट म्हणजे खोटं बोलणारं नाव. हे कसं घडतं ते सांगते. रोलचं नाव 'डिस्प्ले'. आत एफबी०३, आणि एफ_बीकेपीएफ_बीयूके या ऑब्जेक्टमध्ये ॲक्टिव्हिटी ०३, म्हणजे फक्त बघणं. मंथ-एंडच्या रात्री फायनान्समधून फोन येतो: अमुक माणसाला एक एन्ट्री मारायचीय, आत्ता, लगेच. ज्याच्या हातात टिकीट असतं, तो त्या माणसाकडे असलेला पहिला रोल उघडतो, त्यात एफबी६० टाकतो, ॲक्टिव्हिटीत ०१ जोडतो, प्रोफाइल जनरेट करतो. एन्ट्री होते, टिकीट बंद होतं. मात्र तो रोल एकट्या त्या माणसाकडे नसतो. डिस्प्लेच तर आहे, म्हणून तो इंटर्नकडे, बाहेरच्या कन्सल्टंटकडे, अर्ध्या मजल्याकडे असतो. नावाकडे बघून कोणाला शंकासुद्धा येत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो तुझ्या हातात आहे. एसई१६ मध्ये एजीआर_१२५१ टेबल उघड. रोलच्या नावात डिस्प्ले असलेल्या ओळी गाळून घे (इथे स्टार मध्येही चालतो), फील्ड एसीटीव्हीटी, आणि व्हॅल्यू ०१, ०२, ०६ किंवा नुसता स्टार. स्टार विसरू नकोस, सगळ्यात जास्त तोच लपलेला असतो. रेंज भरलेली असेल तर वरची मर्यादाही बघ. यादी रिकामी आली तर उत्तम. नाही आली तर प्रत्येक ओळीचा जाब विचार. ही तपासणी महिन्याला करता यावी, यासाठीच नावात 'बघणं' आणि 'बदलणं' यांना ठरलेली अक्षरं हवीत. तुझ्या कोष्टकात एका ठिकाणी 'डीआयएसपी', दुसऱ्या ठिकाणी 'व्ह्यू' आणि तिसरीकडे 'आरओ' आहे. एक ठेव.

आणखी एक माणूस हे नाव वाचतो, त्याला आपण नेहमी विसरतो: अप्रूव्हर. तिमाही रिव्ह्यूला बिचाऱ्या फॅक्टरी मॅनेजरपुढे आपल्या माणसांच्या रोलची भलीमोठी यादी येते, प्रत्येकापुढे 'ठेवा' की 'काढा' अशी खूण करायची. त्याला आपले संक्षेप कळत नाहीत. न कळलं की माणूस सगळ्यांपुढे 'ठेवा' करून मोकळा होतो, आणि कागदोपत्री तो रिव्ह्यू पार पडलेला असतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १४३(३) प्रमाणे आर्थिक विवरणपत्रांसंबंधीची अंतर्गत नियंत्रणं पुरेशी आहेत का आणि ती नीट चालतात का, यावर ऑडिटरला मत द्यावं लागतं. त्या मताच्या पायाशी असले रिव्ह्यू असतात. तेव्हा नाव आपल्यासाठी, पण शेजारचा वर्णनाचा रकाना त्या मॅनेजरसाठी. 'व्हेंडरची बिलं नोंदवणे, कंपनी १०००' असं साध्या भाषेत लिही. तो रकाना तू रिकामा सोडला आहेस, किंवा नावच पुन्हा त्यात चिकटवलं आहेस. तो भर.

घाई करू नकोस असं मी एरवी म्हणणार नाही, पण यात म्हणते, कारण पीएफसीजीत रोलचं नाव बदलायची सोय नाही. नवी कॉपी काढायची, युजर पुन्हा जोडायचे, जुना रोल डिलीट करायचा. त्यातही डिलीट करण्याआधी जुना रोल ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये घ्यावा लागतो. नाहीतर डेव्हलपमेंटमधून तो जातो आणि प्रोडक्शनमध्ये तसाच जिवंत राहतो, युजरसकट. गो-लाइव्हनंतर हे काम कोणी अंगावर घेत नाही, आणि घेतलंच तर ते सपोर्टच्या सगळ्यात नव्या मुलीवर येतं. तुझं कोष्टक अजून सहीला गेलेलं नाही ना? मग पुढच्या मीटिंगच्या आधी तुमच्या जर्मन क्लायंटला एवढंच विचारून घे, की गो-लाइव्हनंतर रोल कोण देणार, देशवार की मॉड्यूलवार? उत्तर आलं की पहिला रकाना आपोआप ठरेल. दुसरा मसुदा झाला की मला पाठव.

तुझी,
मावशी