दुरुस्तीवाल्याचा वाटा

खेड्यात ज्याला पाना-पेचकस चालवता येतो, त्याच्या ओसरीवर सतत काही ना काही येऊन पडतं. कुणाचा फवारणी पंप, कुणाच्या मोटारीचा फूटवाल, कुणाची सायकल. मी दहावीपर्यंत शिकलो, नंतर वावरातच राहिलो. पण ही खोड हाताला लागली ती लागलीच. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला विचारायचा प्रश्न एकच : कुठं बिघडली? ती नीट झाल्यावर तिचं काय करायचं, हे मालकानं पाहावं. लोहार विळा पाजवताना गिऱ्हाइकाला विचारतो का, की बाबा, यानं तू काय कापणार?

या रीतीबद्दल मला बसून विचार करावा लागला तो एका छर्ऱ्याच्या बंदुकीमुळं.

शेजाऱ्याच्या पोरानं ती आणली. म्हणाला, "काका, याच्यात हवा राह्यत नाही. रात्री दोनशे भरतो, सकाळी पाहा तर एकशे वीस."

आमच्या लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका असत, नळी मोडून स्प्रिंग दाबायच्या. ही तशी नव्हे. हिला पीसीपी म्हणतात. नळीखाली पोलादी टाकी असते, तीत पंपानं आधीच हवा भरून ठेवायची. घोडा दाबला की हातोडी वालवर बसते, वाल क्षणभर उघडतो आणि तेवढी हवा छर्ऱ्याला ढकलते. युक्ती जुनी आहे. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात अशा हवेच्या बंदुका होत्या. आज ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवर नेम धरतात तो याच जातीच्या बंदुकीनं. अभिनव बिंद्रानं 2008 साली सोनं आणलं ते याच खेळात, आणि 2022 साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला तोही याच खेळात.

दोनशे बार म्हणजे किती? मोटारसायकलच्या मागच्या चाकात जेवढी हवा असते, तिच्या जवळपास शंभरपट दाब. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्येही असा दाब असतो, पण तिथं तेल असतं. तेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून सुटलं तरी फारसं फुलत नाही. हवा आकसून बसलेली असते. भरलेल्या टाकीचा आटा सोडणं म्हणजे जीवावरचा खेळ. म्हणून आधी सारी हवा काढायची, गेजचा काटा शून्यावर आला तरी त्याच्यावर एकदम भरवसा ठेवायचा नाही, आणि मगच पाना लावायचा.

गळती शोधायची रीत मात्र सायकलच्या ट्यूबसारखीच. थोडी हवा भरून सांध्यासांध्यांवर साबणाचा फेस लावला. गेजपाशी काही नाही. नळीच्या तोंडाशी काही नाही. तिथून हवा येत असती तर वालची बैठक खराब समजायची. बुडबुडे आले ते हवा भरायच्या तोंडाशी, मोहरीएवढे, संथ. हवा काढून खोललं तर आतल्या ओ-रिंगला नखाएवढी चीर. वावरातली बारीक माती पंपाच्या नळीवाटे आत गेली होती.

फवारणी पंपाची रिंग मापानं बसली असती, पण ती मऊ रबराची. अशा दाबाखाली फटीत ओढली जाते. कडक रबराची मागवली. बसवताना सिलिकॉनचं ग्रीस बोटानं पुसटसं लावलं. साधं तेल इथं चालत नाही. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून दाबानंच भडका होतो ना, तसा इथंही होऊ शकतो. पाच रुपयांची रिंग, अर्ध्या तासाचं काम. पण रिंग बसवायच्या आधी मी हात थांबवला आणि विचारलं, "कायले पाह्यजे तुले हे?"

"रोह्यायले हाकलाले," तो म्हणाला.

त्याचा राग मला कळत होता. हरभरा घाट्यावर आला की रोही कळपानं उतरतात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेचं वावर असो की लांबचं, सुटका कुणाचीच नाही. रोही खातो थोडं, तुडवतो जास्त. डुकरं तर मक्याचं वावर एका रात्रीत झोपवतात. मग अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं. पोराच्या डोक्यावर बियाण्याची उधारी होती, आणि जागलीनं डोळे तांबारलेले होते.

पण दोन-अडीचशे किलोच्या रोह्याला छर्रा मारून काय होणार? तो मरणार नाही. छर्रा कातडीत रुतेल, जखम चिघळेल, डोळ्यात गेला तर जनावर आंधळं होऊन फिरेल. आणि रोही हाकलायला आणलेली बंदूक दिवसा रिकामी बसत नाही. समोर तित्तर असतो, लावा असतो, मोर असतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली बंदूक परवान्याशिवाय घेता येते हे खरं. पण बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून शिकारीला परवानगी मिळत नाही.

मग ती तशीच गळती ठेवून परत द्यावी का? मनात आलं होतं. पण गळकी बंदूक निरुपद्रवी नसते. दाब उतरला की छर्रा खाली पडतो, नेम चुकतो, पाखरू मरायच्या ऐवजी पंख मोडून फडफडत राहतं. अर्धवट हत्यार पुऱ्या हत्यारापेक्षा जास्त हाल करतं. शिवाय येत नसल्याचं सोंग आणून परत देणं म्हणजे पोराला फसवणं.

फवारणी पंपाचं मला कधी असं कोडं पडलं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून गळका पंप दिसला की मी न मागता दुरुस्त करतो. कारण ते औषध ज्याच्या पाठीवर झिरपतं, तो माझ्यासमोर उभा असतो. बंदुकीच्या पुढं जो असतो तो ओसरीवर येत नाही. तो दिसत नाही म्हणून हिशेबातून वगळायचा का? लोहाराला विळ्याचं पुढं काय होणार हे माहीत नसतं, म्हणून तो मोकळा. मला माहीत होतं. जेवढं माहीत, तेवढा आपला वाटा. हे एकदा पटलं की 'मी फक्त रिंग बदलली' असं म्हणता येत नाही.

हे सारं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग काका, माह्या वावरात जागलीले तुम्ही येता का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. नाही म्हणणं फुकट पडतं ते म्हणणाऱ्याला. नुकसान समोरच्याचं होतं. त्याचं हत्यार अडवायचं असेल तर त्याच्या ओझ्याला हात लावायला हवा. मी जागलीला गेलो. आठवडाभर डबा बडवला, बॅटरी मारली. मग आमच्या लगतच्या चौघांनी मिळून सौर झटका मशीन घेतलं आणि एकच कुंपण चारही वावरांभोवती फिरवलं. तरी एखाद-दोन रोही उडी मारून येतातच. बंदूक मी नीट करून दिली, त्यानं पाखरावर न उचलायचा शब्द दिल्यावर. तो घरामागं कागद लावून नेम धरतो. शब्द पाळतो की नाही हे पाहायला मी जात नाही; शब्द घेतला तर विश्वासही ठेवावा लागतो.

आता कुणीही काही आणलं की उघडण्याआधी मी दुसरा प्रश्नही विचारतो. बहुतेक हसतात, सांगून टाकतात. मागच्या साली एकजण डुकरांसाठी खांबावरून थेट कुंपणात वीज सोडायची जोडणी करून मागत होता. झटका मशीन क्षणभर टोचून सोडतं, ही वीज धरून ठेवते; अशा तारेला चिकटून माणसंही गेली आहेत. मी नाही म्हटलं, आणि आमच्या चौघांचं मशीन कसं लावलं, किती पैसे पडले, ते दाखवायला त्याला वावरात चल म्हणालो. तो रागानं निघून गेला. पंधरा दिवसांनी त्याचा भाऊ आला आणि तार किती लागते ते विचारून गेला.