दुसरी सर्व्हिस

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला प्रत्येक गुणासाठी दोन चेंडू मिळतात. पहिला जाळ्यात गेला किंवा चौकोनाबाहेर पडला, तरी काही बिघडत नाही, दुसरा मारायचा. बॅडमिंटनमध्ये असं नाही, टेबल टेनिसमध्ये नाही, व्हॉलीबॉलमध्येही नाही. तिथे चुकलात की गुण गेला. आपल्या कबड्डी-खोखोत तर असल्या लाडाचा प्रश्नच येत नाही. टेनिसची उदारता इथेच संपत नाही. चेंडू वर टाकला आणि तो मनासारखा उडाला नाही, तर रॅकेट न फिरवता झेलून घ्यावा, पुन्हा टाकावा. चूक धरत नाहीत. रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला, तर मात्र चूक. म्हणजे इरादा मागे घेता येतो, कृती मागे घेता येत नाही. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. टेनिसच्या नियमांनी ते दोन ओळींत उरकलं आहे.

मी गेल्या वर्षभरात सर्व्हिस शिकतो आहे. डहाणूला मसोलीत, एका वाडीतल्या सिमेंटच्या खळ्यावर. खळं सत्तरेक फूट लांब आहे, म्हणजे सर्व्हिसपुरतं कोर्ट होतं आणि रॅलीपुरतं होत नाही. जाळं मासेमारीचं, जुनं, मधोमध तीन फुटांवर ओढून बांधलेलं. चौकोन खडूने आखलेला. सर्व्हिस घेणारा खळ्याच्या पलीकडे, चिकूच्या झाडाखाली उभा राहतो आणि चेंडू परत आला की गुण संपला असं आम्ही धरतो. हे टेनिस नव्हे, कबूल. पण सर्व्हिस शिकायला एवढं पुरतं. सगळ्या खेळात हाच एक फटका असा, की तो मारताना समोरच्याचा तुमच्यावर काही उपकार नसतो आणि काही अडथळाही नसतो. चेंडू तुमच्याच हातातून सुटतो. दोष द्यायला वाऱ्याशिवाय कोणी नाही, आणि डहाणूला वारा असतोच.

नवशिक्याला पहिली गोष्ट कळते ती भूमितीची. मागच्या रेषेपासून जाळं 39 फुटांवर, त्यापुढे 21 फुटांचा चौकोन, जाळं मध्यभागी 3 फूट उंच. समरूप त्रिकोण मांडले तर चेंडू सरळ रेषेत जाळ्याला घासून चौकोनाच्या अगदी टोकाला पडण्यासाठी तो साडेआठ फुटांहून थोडा वर मारला गेला पाहिजे. माझी उंची साडेपाच फूट. हात आणि रॅकेट पूर्ण ताणली तरी मी सव्वाआठ-साडेआठच्या आसपासच पोचतो. म्हणजे माझ्यासारख्याने सरळ रेषेत मारलेला चेंडू चौकोनात पडणं भूमितीला मान्य नाही. गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यावी लागते, चेंडूला फिरकी द्यावी लागते आणि मुख्य म्हणजे खाली नाही, वर मारावं लागतं. चौकोन डोळ्यांना खाली दिसत असतो, त्यामुळे सगळे नवशिके खाली मारतात आणि सगळ्यांचे चेंडू जाळ्यात जातात.

दुसरी गोष्ट दुसऱ्या सर्व्हिसची. पहिली चुकली की हात आपोआप आखडतो. माणूस चेंडू थोपटतो, आजारी माणसाच्या पाठीवर थोपटावं तसा. तो कसाबसा आत पडतो आणि समोरचा दोन पावलं पुढे येऊन त्याचा निकाल लावतो. खरी दुसरी सर्व्हिस वेगळी असते. तिच्यात हाताचा वेग कमी होत नाही. तो वेग चेंडूला पुढे ढकलण्याऐवजी खालून वर घासण्यात खर्च होतो. चेंडू भरपूर फिरतो, जाळ्यावरून ऐसपैस उंच जातो आणि पलीकडे झपकन खाली येतो. सुरक्षितता सावकाश मारून मिळत नाही, फिरकीने मिळते, आणि फिरकी शेकडो चेंडू वाया घालवल्यावर मिळते.

हे सगळं सांगायचं कारण एक हिशेब आहे. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, त्यामुळे असले हिशेब केल्याशिवाय करमत नाही. समजा, एखादा खेळाडू दोन प्रकारच्या सर्व्हिस करू शकतो. एक जोराची: शंभरातल्या साठ आत पडतात आणि त्यांतले पंचेचाळीस गुण तो जिंकतो. दुसरी जपून केलेली: शंभरातल्या नव्वद आत पडतात आणि पन्नास गुण मिळतात. आता त्याला एकच चेंडू दिला तर शहाण्याने काय करावं? जपून मारावं, पन्नास हे पंचेचाळीसपेक्षा जास्त. आणि दोन चेंडू दिले तर? आधी जोरात मारावं: पंचेचाळीस मिळाले. चुकलेल्या चाळीसांवर जपून: त्यातले निम्मे, म्हणजे वीस. एकूण पासष्ट. दोन्ही वेळा जपूनच मारत बसला तर पन्नास आणि वर पाच, पंचावन्न. म्हणजे एक चेंडू असताना धाडस करणारा पाच गुणांनी मूर्ख ठरतो आणि दोन असताना धाडस न करणारा दहा गुणांनी. हात तोच, रॅकेट तीच, माणूस तोच. बदलला तो फक्त खिशातल्या चेंडूंचा आकडा.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र खिसा दिसत नाही. त्याला एक माणूस बेधडक दिसतो आणि एक घाबरट. तो त्यावरून स्वभावाबद्दल मत बनवतो, आणि ते बनवताना त्याला आपण काही अन्याय करतो आहोत असं वाटत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलं स्थान दिलं. ते मधलं स्थान माणसापरत्वे सरकतं हेही त्याला मान्य होतं. पण ते नेमकं कशाने सरकतं, याच्या यादीत बापाचं बँकेतलं खातं आलं पाहिजे, असं आपण त्याला वाचताना क्वचितच म्हणतो.

आमच्या भागात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे: ‘इथल्या पोरांना महत्त्वाकांक्षाच नाही.’ म्हणणारे बहुधा वाडीवाले, शिक्षक, मुंबईहून बदलून आलेले अधिकारी. ‘इथली पोरं’ म्हणजे पाड्यांवरची वारली मुलं. शिकतात, बारावी करतात आणि उंबरगाव किंवा सरीगामच्या जीआयडीसीत जाऊन लागतात. पुढचा विचारच करत नाहीत म्हणे.

शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र असाच लागला. गणित त्याचं माझ्यापेक्षा बरं होतं. हे मी नम्रपणाने म्हणत नाही, गुणपत्रिका तसंच सांगतात. बारावीनंतर मला हवं ते कॉलेज मिळालं नाही. घरच्यांनी एक वर्ष थांबायचं ठरवलं. मी ‘ड्रॉप’ घेतला, क्लास लावला, पुन्हा परीक्षा दिली. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा नियमही टेनिससारखाच आहे: लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वेळा बसता येतं. नियम सगळ्यांना सारखा. फक्त त्या वर्षात घरात एका माणसाची कमाई येणार नसते, उलट क्लासची फी जाणार असते. रॉल्सने 1971मध्ये कागदावरची समान संधी आणि खरीखुरी समान संधी यांत जो फरक केला, तो मसोलीत समजावून सांगायला एवढं एकच वर्ष पुरेल. मित्राने थांबायचा विचारसुद्धा केला नाही. तेव्हा मला, सोळा-सतराव्या वर्षी सगळ्यांना वाटतं तसं, वाटलं की याला जिद्द कमी आहे.

आता तो रविवारी खळ्यावर येतो. सर्व्हिस माझ्याबरोबरच शिकला. पहिल्या दिवसापासून तो पहिली सर्व्हिसही दुसरीसारखीच करतो: फिरकी देऊन, उंच, आत. मी एकदा म्हटलं, “अरे, दोन चेंडू आहेत, पहिला मार की खुलून.”

तो म्हणाला, “पहिलाच आत गेला तर दुसऱ्याची गरज काय?”

हिशेबाने तो चुकतो आहे, दर शंभरामागे दहा गुणांनी. पण तो हिशेब खळ्यावरचा. खळ्याबाहेर त्याला एकच चेंडू मिळत आला आणि तिथे त्याचं गणित बिनचूक होतं. सवय एका कोर्टावर लागते आणि दुसऱ्यावर दिसते. आपण तिला स्वभाव म्हणतो.

यावर एक आक्षेप असा घेतात, की दुसरी संधी दिली की माणूस पहिली फुकट घालवतो. खळ्यावर हे दिसतंही. पहिला चेंडू डोळे मिटून हाणणारे नवशिके मी पाहिले आहेत. पण आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतः दुसऱ्या चेंडूशिवाय काही मोठं केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. 2001च्या विम्बल्डनमध्ये गोरान इव्हानिसेविच 125व्या क्रमांकावरून, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने आत आला होता. अंतिम सामन्यात विजय एका गुणावर असताना त्याने डबल फॉल्ट केले आणि तरीही जिंकला. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, 30 सप्टेंबर 2023 रोजी, अंतिम सामन्याचा पहिला सेट 2-6 असा हरले होते. पुढचा 6-3 जिंकला, मग निर्णायक टायब्रेक 10-4, आणि सुवर्णपदक आलं. त्या पहिल्या सेटवर कोणी त्यांना घरी पाठवलं नाही. टेनिसच्या रचनेतच सावरायला जागा आहे. तिला कोणी लाड म्हणत नाही.

संधी कशी दिली जाते हेही महत्त्वाचं, बहुधा जास्तच. लहानपणी खेळताना एखादं शेंबडं पोर सोबत घ्यावं लागायचं. त्याला आम्ही ‘कच्चं लिंबू’ करायचो. ते कितीही वेळा बाद झालं तरी बाद नाही. पण त्याच्या धावाही धरायच्या नाहीत. संधी भरपूर, किंमत शून्य. दुसरी सर्व्हिस याच्या नेमकी उलट आहे: दुसऱ्या चेंडूवर मिळवलेला गुण पहिल्याइतकाच भरतो, आणि गुणफलकावर तो कितव्या चेंडूवर मिळाला हे लिहीत नाहीत. आपल्याकडे दहावी नापासांची ‘ऑक्टोबरची वारी’ असायची. आता फेरपरीक्षा जून-जुलैत होते. सोय चांगलीच आहे, पण ‘ऑक्टोबरवाला’ हा शब्द चेष्टेचाच राहिला. आरक्षणाला ‘दुसरी संधी’ म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. आरक्षणाने कोर्टात शिरता येतं, तेही मुळात अडवलेलं दार उघडलं म्हणून. आत शिरल्यावर खिशात दुसरा चेंडू असेलच असं नाही.

संधी देण्याचा आणखी एक प्रकार याच मातीत होता. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला माणूस ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा आयुष्यभर, बायकोसकट त्याच्याकडे राबायचा. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. 1945मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या सोबतीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही पद्धती मोडून काढल्या. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यावरच आहे. सावकारही आपण अडीअडचणीला मदतच करतो असंच म्हणत असणार. चेंडू त्याने दिलेला असायचा खरा. सर्व्हिस मात्र मरेपर्यंत.

हे आठवायला कारण झालं. मित्राची धाकटी बहीण यंदा बारावी झाली. नीट दिली, गुण थोडक्यासाठी कमी पडले. नीटला कितीदा बसावं याला सध्या मर्यादा नाही. नियमाने तिच्याकडे हवे तेवढे चेंडू आहेत. घरात मात्र वापीच्या एका कंपनीत तिच्यासाठी पॅकिंगचं काम बघून ठेवलेलं आहे. तिला थांबायचं आहे. मागच्या रविवारी तिने मला विचारलं, “दादा, तुम्ही थांबला होता ना एक वर्ष? काय काय लागलं?” मी आकडे सांगितले: क्लास, खोली, खाणावळ, पुस्तकं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि खाली एक ओळ स्वतःहून घातली, वर्षभराचा न मिळालेला पगार. ती ओळ माझ्या वेळी आमच्या घरात कोणी लिहिली नव्हती.

पैसे मी देऊ शकतो. माझ्या पगारात ते फार जाणवणार नाहीत. मित्राला तसं म्हणालो. तो बराच वेळ रॅकेटची जाळी बोटांनी सरळ करत बसला, मग म्हणाला, “उसने देतोस का असेच देतोस?”

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. उसने म्हणावं तर बारावी झालेल्या मुलीच्या खांद्यावर पहिल्याच वर्षी कर्ज, आणि दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही तर ते फेडायला पुन्हा तीच पॅकिंगची नोकरी. असेच म्हणावं तर पुढे वर्षभर तिच्या प्रत्येक चाचणीचे गुण मला सांगायला हवेत असं त्या घराला वाटणार, मी विचारले नाहीत तरी. मला माझं वर्ष मिळालं तेव्हा ते उसनं होतं की दिलेलं, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. ते नुसतं होतं, खिशात असतं तसं.

फेरप्रवेशाच्या बॅचसाठी क्लासची नोंदणी महिनाअखेरीस बंद होते. मित्राने सांगितलंय, घरी बोलून कळवतो.